पाणी पुरतंय का?

ही गोष्ट खरी आहे. बनवायची असती तर जरा बरी बनवली असती.

मे २०२१ ची अखेर. मेलबर्नचं उपनगर, क्रेगीबर्न. पुन्हा लॉकडाऊन.

आमचा जुना गॅस हीटर फुटला होता. मी शहाणपणा करून सगळ्यात मोठा, बिनटाकीचा हीटर मागवला. नळ उघडला की तिथल्या तिथे पाणी तापवणारा.

सांगलीहून बाबांचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक हीटर म्हणजे बंब.

"यतिन, बसवायच्या आधी गॅसचा पाईप किती जाड आहे ते बघ. पाईप बारीक असला तर बंबाला दम पुरायचा नाही."

"प्लंबर बघेल ना, बाबा."

"तो काय बघतोय! तू बघ." आणि खोकला.

तो शेवटचा कॉल. मग बाबांनाच दम पुरेना...

इकडे प्लंबर टोनीने पाईपकडे लांबूनच बघितलं. "शी'ल बी राइट, मेट." म्हणजे, चालून जाईल. हीटर बसवला, गेला.

त्याच आठवड्यात बाबा गेले.

जाणार कसा? सगळं बंद. उल्हासदादाने स्मशानातून व्हिडिओ लावला, पण कॅमेरा उलटा. सगळा वेळ मी दादाचा पीपीई किट बघत होतो. त्याला सांगणार कोण? तो रडत होता.

फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो. जावंच लागतं. शॉवर आहे, पण आमच्याकडे बादली आणि मग आहेतच.

पाणी गरम... गार... गरम... मग एकदम बर्फ.

बाहेर हीटर किंचाळायला लागला. मग गप्प.

भर दुपार. अंगाला साबण. मी कुडकुडत उभा.

आणि भिंतीतून...

टक. टक.

ती खूण मी ओळखली.

लहानपणी बाबा मागच्या दारी बंब पेटवायचे. मी आत आंघोळीला. ते बाहेरून चिमट्याने बंबावर वाजवायचे, टक टक. म्हणजे, पाणी पुरतंय का? मी हातातला मग बादलीवर दोनदा आपटला तर 'अजून'. एकदा, म्हणजे 'पुरे'.

हात आपोआप गेला.

दोनदा.

आणि पाणी आलं. कढत. त्याला लाकडाच्या धुराचा वास होता...

मी बादली भरून घेतली. डोक्यावरून ओतत, रडत किती वेळ बसलो, माहीत नाही.

पुन्हा...

टक. टक.

मी एकदा वाजवलं.

पाणी थांबलं.

बाहेर आलो तर बायको, चित्रलेखा, चिडलेली. "गार पाण्याने एवढा वेळ? आजारी पडायचंय का?"

"गार कुठे?"

"अरे, तो किंचाळायला लागला तेव्हाच मी मीटरवर गॅस बंद केला!"

आमची मिताली नाक मुरडत म्हणाली, "डॅडी, यू स्मेल लाइक अ कॅम्पफायर."

चित्रलेखाने माझ्या केसांचा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी टोनी आला. या वेळी त्याने पाईप खरंच मोजला. दारात येऊन म्हणाला, "सॉरी मेट, पाईप बारीकच आहे. बदलतो. पण तुझ्या डॅडना मास्क लावायला सांग ना. फाइन लागेल."

"कुणाला?"

"मीटरपाशी उभे आहेत ते. इंग्लिश नाही बोलत. नुसता चिमटा घेऊन माझ्या पाईपवर ठोकतायत."

मी धावत गेलो.

कोणी नव्हतं.

बाबा गेल्याचं मी टोनीला सांगितलं. त्याने जाड पाईप टाकला. पैसेही घेतले नाहीत. त्यानंतर तो आमचा फोन उचलत नाही.

आता पाणी मस्त येतं. दोन्ही बाथरूममध्ये एकदम.

टक टक मात्र पुन्हा कधी आलं नाही.

रोज नळ बंद करतो आणि आंघोळीचा मग हातात घेतो. बादलीवर दोनदा वाजवतो. अजून, बाबा... अजून.

मग कान देऊन बसतो.

त्या दिवशी मी 'पुरे' का म्हटलं?