खऱ्या गाडीच्या आधी

"माझं एक गिऱ्हाईक हरवलंय," खुर्चीत टेकता टेकता ट्रॅव्हल एजंट बाई म्हणाल्या, "आणि दाजी, चांगल्या सत्तरी उलटलेल्या आजी आहेत हो त्या."

दाजी काही त्यांचे दाजी नव्हते. खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या या गृहस्थांना त्यांचे मेहुणे दाजी म्हणत, आणि मेहुणे सदान्‌कदा ऑफिसात ठाण मांडून असल्यामुळे गिऱ्हाइकांच्या तोंडीही तेच बसलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मेहुणे घरात बसून बहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागले, तेव्हा बहिणीनंच त्यांना नवऱ्याच्या ऑफिसात पिटाळलं. मेहुण्यांचा तपासाशी संबंध एवढाच. पण मेहुण्यांना स्वतःला तसं वाटत नसे.

"सगळं पहिल्यापासून सांगा," दाजी म्हणाले.

बाईंनी सांगितलं. आजी, त्यांचा थोरला मुलगा आणि सून असे तिघं परदेशात क्रूझला निघाले होते. विमान आज दुपारचं, बोट उद्या संध्याकाळी सुटणार. विमानतळापर्यंत दोन खासगी गाड्या ठरलेल्या, कारण आजी शहराच्या एका टोकाला एकट्या राहतात आणि मुलगा दुसऱ्या टोकाला. सकाळी बाईंचा ड्रायव्हर आजींच्या दारात पोहोचला तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, आजी तर मघाशीच गाडीत बसून गेल्या.

"कुणाच्या गाडीत?"

"तेच तर कळत नाही. आजींकडे मी ही एकच गाडी पाठवली होती. विमानतळावर आजी नाहीत. मुलगा परत फिरलाय, आणि म्हणतो, माझ्याच माणसानं कुणाला तरी खबर विकली. तासाभरात आई सापडली नाही तर पोलिसांत माझं नाव देणार. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्यात हो. माझं नाव गेलं चुलीत, पण त्या बाईला काही झालं तर?"

"ही सहल कधी ठरली?"

"गेल्याच आठवड्यात. लोक सहा-सहा महिने आधी नकाशे मागतात, आणि हे साहेब म्हणाले, लगेच जे निघेल ते द्या. मिळेल त्या केबिनमध्ये बसवलं."

"गाडी किती वाजता यायची होती?"

बाई जरा घुटमळल्या. "गिऱ्हाइकांना सांगितलं होतं साडेसहा. ड्रायव्हरला सांगितलं होतं सात."

"हा काय प्रकार?" मेहुण्यांनी विचारलं.

"अहो, सहलीला निघालेलं कुटुंब वेळेवर खाली उतरतं का कधी? कुणाचा चार्जर राहतो, कुणाची चप्पल सापडत नाही. मी सगळ्यांनाच अर्धा तास आधीची वेळ सांगते. ही माझी रीत. गिऱ्हाइकांना कळलं तर तिचा उपयोग काय? म्हणून कुणाला सांगत नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच. ड्रायव्हरांना फोनवर सांगते तेवढंच. परवा सूनबाई कागद न्यायला आल्या होत्या, बराच वेळ बसल्या होत्या, तेव्हाही मी गाड्याच लावत होते." बाईंनी कपाळाला हात लावला. "आजी मात्र फार गोड. थर्मास नेऊ का म्हणून तीनदा फोन केला. शेवटी सांगितलं, आजी, तपासणीत चहा ओतून टाकायला लावतात. तेव्हा कुठे नाद सोडला."

*

आजींच्या फ्लॅटचं दार थोरल्यानं उघडलं. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टाला घामानं चुण्या पडलेला माणूस. त्याच्या मागे त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. मेहुण्यांना ती बाई आवडली नाही. सासू बेपत्ता आणि हिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

दारापाशीच मोठी बॅग उभी होती. नव्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड खोक्यात होता, तळव्यांना ताजी धूळ. बॅगेच्या वरच्या कप्प्यात गोळ्यांची पिशवी आणि मोबाइल.

"पासपोर्ट?" दाजींनी विचारलं.

"आतच आहे," थोरला म्हणाला. "पळवणाऱ्यांना सामान कशाला हवंय? त्यांना माणूस हवा."

दाजी स्वयंपाकघरात गेले. पंधरा दिवसांसाठी आवरलेलं घर ते. फ्रिज रिकामा, दूध बंद, ओटा कोरडा. फक्त सिंकमध्ये एक पातेलं आणि गाळणं होतं. गाळण्यात चहाचा ओला चोथा.

"कोरा चहा केला होता," दाजी म्हणाले. "मेहुणे, कप दिसतोय कुठे?"

मेहुण्यांनी सिंक पाहिलं, फळी पाहिली. सगळे कप कोरडे, पालथे मांडलेले होते.

"धुऊन पुसून ठेवला असेल," मेहुणे म्हणाले. "बायकांना घर सोडताना कप धुवायची सवय असते."

"आणि पातेलं तसंच टाकायची?"

पुढच्या खोलीत भिंतीवर एकाच कापडाचे शर्ट घातलेल्या दोन मुलांचा फोटो होता. धूळ बसू नये म्हणून सोफ्यावर चादरी टाकल्या होत्या, पण हा फोटो उघडा होता आणि काच लख्ख पुसलेली होती.

"हा दुसरा कोण?"

"माझा धाकटा भाऊ," थोरला म्हणाला. "त्याचा विषय नको. आईनं त्याचं नाव टाकलंय. तोंड बघणार नाही म्हणते. तुम्ही त्या ड्रायव्हरला विचारा आधी."

ड्रायव्हर खाली जिन्यात बसला होता. त्याची सकाळपासून तीनदा हजेरी घेऊन झाली होती. "साहेब, मला सातची वेळ होती. साताला दोन मिनिटं कमी असताना आलो. कुलूप बघितलं, बाईंना फोन लावला. यापुढं मला विचाराल तर मी रडेन," तो म्हणाला, आणि खरोखरच त्याचा चेहरा तसा झाला होता.

समोरच्या फ्लॅटमधल्या शेजारीणबाईंनी मात्र न विचारता सगळं सांगितलं. त्यांच्या गॅलरीतून फाटक दिसत होतं.

"साडेसहा वाजून गेले असतील, पांढरी गाडी आली. ड्रायव्हर वर आला, बॅग घेऊन गेला, मागून आजी. मी हात केला, म्हटलं, सुखरूप जाऊन या. मागच्या सीटवर कुणीतरी होतं. काच खाली झाली, आजी वाकून बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मग परत वर आल्या, आणि ड्रायव्हर बॅग घेऊन त्यांच्यामागे."

"बॅग परत वर?"

"हो. मला वाटलं, काही विसरलं असेल. बॅग ठेवून तो खाली गेला, पण या काही लवकर येईनात. गाडी आपली निवांत उभी. मग आल्या, मागच्या सीटवर बसल्या आणि गेल्या."

"मागे?" दारात उभा असलेला थोरला मध्येच म्हणाला. "आईला मागे बसलं की गाडी लागते. ती जन्मात मागे बसलेली नाही. जबरदस्तीनं बसवलं असणार."

"तसं नाही वाटलं बाई," शेजारीण म्हणाल्या. "स्वतःच दार उघडून बसल्या. बिचाऱ्या आजी. परवाच मला म्हणाल्या होत्या, धाकट्यानं मला टाकलं, निदान थोरला तरी फिरायला नेतोय."

थोरल्यानं घड्याळ पाहिलं. दाजींनी थोरल्याला पाहिलं.

"तुमची गाडी वेळेवर आली होती?"

"कसली वेळेवर. साडेसहापासून मी बॅगा घेऊन फाटकावर उभा. ही वर निवांत केस वाळवत होती. म्हटलं, गाडी आपल्यासाठी थांबेल का? तर नेमकी गाडी वळली आणि ही जिना उतरली."

"बायकांचं नशीबच तसं," मेहुणे म्हणाले.

*

जिना चढता चढता मेहुण्यांनी आपला निकाल देऊन टाकला. "ड्रायव्हरच. खरी वेळ त्याला आणि बाईंनाच माहीत. रडवेला चेहरा करणारी माणसं मी बँकेत पुष्कळ पाहिलीत."

"अर्धं बरोबर आहे तुमचं," दाजी म्हणाले. मेहुण्यांना आयुष्यात याहून मोठी शाबासकी दाजींकडून मिळाली नव्हती, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याचं काय हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

दाजींनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. एजंट बाई, ड्रायव्हर, थोरला. त्याची बायको, थोरली, बसली नाही.

"आजींना कुणी पळवलेलं नाही," दाजी म्हणाले. "पळवणारा माणूस खाली आणलेली बॅग दोन मजले चढून परत ठेवत नाही. आणि ज्या बाईला पळवतायत ती आधी वर येऊन चहा उकळत नाही."

"चहा?" थोरला म्हणाला.

"पातेलं ओलं, गाळणं ओलं, कप सगळे कोरडे. म्हणजे चहा इथे कुणी प्यालं नाही, तो थर्मासमध्ये गेला. बाईंनी आजींना बजावलं होतं की विमानतळावर चहा चालत नाही. तरी त्यांनी तो बरोबर घेतला आणि पासपोर्ट इथेच ठेवला. खाली उतरेपर्यंत त्या विमानतळावर निघाल्या होत्या. गाडीतल्या माणसाशी बोलल्यावर त्यांचा बेत बदलला, आणि तो त्यांनी स्वतः बदलला. नवे बूटसुद्धा काढून ठेवले."

"कोण होतं गाडीत?"

"ज्याच्याजवळ बसायला मिळावं म्हणून आजींनी गाडी लागण्याचीही पर्वा केली नाही, असं कुणीतरी. आता वेळेचं बघा. खऱ्या गाडीला चुकवायचं असेल तर कुणीही साडेसहाच्या आधी येईल. ही गाडी साडेसहानंतर आली, आणि वर चहा उकळेपर्यंत बिनघोर उभी राहिली. कारण ती पाठवणाऱ्याला ठाऊक होतं, की खरी गाडी सातच्या आत येत नाही."

"मी म्हटलंच होतं," मेहुणे ड्रायव्हरकडे बोट दाखवत म्हणाले.

"त्याला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं. पण या दोघांपैकी कुणाच्या शब्दावर आजींनी समुद्रावर पाणी सोडलं असतं? आज सकाळी हे गुपित माहीत असलेलं तिसरं एक माणूस होतं. नवरा फाटकावर घामाघूम होत असताना जे निवांत केस वाळवत होतं. वहिनी, बाईंच्या ऑफिसात तुम्ही परवा बसला होतात, तेव्हा त्या ड्रायव्हरांना वेळा सांगत होत्या ना?"

थोरलीनं मान हलवली. मेहुण्यांना आपण तासभर या बाईविषयी काय काय मनात आणलं ते आठवलं आणि त्यांनी नजर वळवली.

"तू?" थोरला उठून उभा राहिला. "तुला कळतंय का, मी सकाळपासून..."

"कळतंय," ती म्हणाली. "सकाळपासून तेच बघतेय. बघवत नव्हतं."

"साहेब, बसा," दाजी म्हणाले. "आठवड्याभरात आईला कुठेही, कुठल्याही बोटीवर बसवायची घाई कशाची होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणता आईनं धाकट्याचं नाव टाकलं. आई शेजारणीला सांगतात, धाकट्यानं त्यांना टाकलं. मधे निरोप नेणारा माणूस एकच होता. थर्मास भरून, जुन्या चपला घालून माणूस जिथे तासन्‌तास बसायला जातो, ते हॉस्पिटल असावं असा माझा अंदाज आहे. कुठलं, ते वहिनी सांगतील."

थोरला बसला. थोरली नवऱ्याकडे न बघता बोलू लागली.

"भाऊजींच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. धोक्याचं आहे. माझ्या जावेनं दहा दिवसांपूर्वी यांना फोन केला, आईंना एकदा आणा म्हणून. यांनी दुसऱ्या दिवशी क्रूझ ठरवली. मी रोज रात्री विनवलं. हे म्हणत, आईला झेपणार नाही. झेपण्याचं काही नव्हतं. यांनी आईंना सांगितलं होतं, धाकटा यायला नको म्हणतो. त्याला सांगितलं, आई तोंड बघणार नाही म्हणते. दोघं भेटले की पहिल्या दोन वाक्यांत ते उघडं पडलं असतं."

"पाच वर्षं," थोरला पुटपुटला. "रागात बोललो होतो. मग मागे घेता येईना."

"काल रात्री जावेचा फोन आला, ऑपरेशन आज दुपारीच घेताहेत. तिला म्हटलं, गाडी घेऊन ये, सातपर्यंत तुला कुणी हटकणार नाही. तिचं दारापर्यंत यायचं धाडस नव्हतं. सासूबाई हाकलून देतील असं वाटत होतं तिला."

जावाजावांत हेवादावा असतो असं धरूनच जग चालतं. या दोघींनी भाऊ बोलत नसताना पाच वर्षं एकमेकींची ख्यालीखुशाली विचारली होती, आणि दोन्ही घरांत ते कुणाच्या गावीही नव्हतं.

"निदान माझा तरी जीव टांगणीला लावायला नको होता," एजंट बाई म्हणाल्या.

"तुमचे पाय धरते," थोरली म्हणाली. "यांना आधी कळलं असतं तर हॉस्पिटलात जाऊन तमाशा केला असता. भाऊजींना आत नेईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आईंच्या गोळ्या मी सकाळीच तिकडे आणून घ्यायला सांगितल्यात."

दाजींनी घड्याळ पाहिलं. "अजून नेलं नसेल."

*

बाईंच्याच ड्रायव्हरनं सगळ्यांना नेलं. वाटेत मेहुण्यांना राहून राहून वाटत होतं की तपास इथेच संपला, आता आपण उतरावं. पण गाडी थांबवा म्हणायचा धीर झाला नाही.

हॉस्पिटलच्या लांब पॅसेजमध्ये आजी बाकावर बसल्या होत्या. शेजारी धाकटी, तिचा हात त्यांच्या हातात. समोरच्या दारावर लाल दिवा लागला होता. ठरल्या वेळेच्या आधीच नेलं होतं.

थोरला आईच्या समोर जाऊन उभा राहिला.

आजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत.

"आत नेताना त्यानं मला विचारलं," त्या म्हणाल्या. "आई, तू माझ्यावर इतकी कशानं रागावलीस? मला उत्तर देता आलं नाही रे. तो बाहेर आला की ते तू द्यायचं."

"आणि आई, तो..." थोरल्यानं लाल दिव्याकडे पाहिलं. "नाही आला तर?"

"तर मला देत राहा," आजी म्हणाल्या. "मी आहे तोवर, रोज."

थोरला तिथेच, बाकाच्या पायाशी, फरशीवर बसला. त्याच्या बायकोनं पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पॅसेजमधले सगळेच त्या दाराकडे बघत राहिले.