कळवते

सत्यभामाच्या प्रोजेक्टचं पहिलं पान गाईनं खाल्लं, आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं.

गाय सख्ख्या मावशीची, त्यामुळं भांडायचं तरी कुणाशी? त्या वर्षी तेलगावच्या शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली होती. आसपासच्या गावांची गुरं तिथं आली आणि गुरांमागोमाग त्यांची माणसंही बाजा-बिछाने घेऊन आली. वत्सलामावशी त्यातलीच एक. सत्यभामा घाटनांदूरची, अंबाजोगाईच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. रविवारी मावशीला भेटायला म्हणून आली, फाइल बाजेवर ठेवली, पाणी प्यायला वळली... आणि मागं कागदाची फडफड ऐकू आली.

"अगं सोड... सोड की," कागदाचं एक टोक ओढत ती म्हणाली. गाय दुसरं टोक शांतपणे चावत राहिली.

"वढू नका ताई, ती न्हाई सोडायची," मागून कुणीतरी म्हणालं. "चारा वाटायला येळ हाय अजून. काय लिवलंय त्यात? लई गोड लागायलंय तिला."

सत्यभामानं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, खांद्यावर गमछा, खिशाला शाईचा डाग. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता आणि ते काही दबत नव्हतं. हा गहिनीनाथ, दूध संस्थेचा क्लार्क. छावणीचं सगळं काम याच्याच गळ्यात.

"माझा प्रोजेक्ट आहे तो," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर."

"मंजी पुस्तकं मोजायची? मग गाईचं बरोबर हाय. सारा तालुका चाऱ्याच्या रांगंत हुबा, आन् तुमी पुस्तकं मोजायलाव."

तिला असा राग आला, असा राग आला, की परतीच्या बसमध्ये धारूरपर्यंत ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होती. धारूर मागं पडलं आणि तिच्या लक्षात आलं, की भांडणात तोच जिंकतोय. वर्गातल्या प्रत्येक गटाचं ग्रंथालयच होतं. बहुतेकांनी लातूरहून तयार सीडी आणून वर फक्त आपली नावं घातली होती. मी एकटी करणार, स्वतः करणार, असं प्रोजेक्ट बघणाऱ्या बद्रीनाथ सरांना ऐटीत सांगून तिनंही शेवटी विषय निवडला तो तोच.

सर तेव्हा एवढंच म्हणाले होते, "एकटीनं कर. पण दर आठवड्याला दाखवत जा."

ते काही तिच्यानं व्हायचं नव्हतं. अर्धवट गोष्ट कुणाला दाखवायची म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. घरी भाजी टाकली तरी ती शिजून उतरेपर्यंत ही कुणाला झाकण उचलू द्यायची नाही.

पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन पुन्हा छावणीवर हजर झाली. ग्रंथालय सोडून चाऱ्याच्या वाटपाचं सॉफ्टवेअर करायचं तिनं ठरवलं होतं. गहिनीनाथनं पत्र्याच्या शेडमधलं आपलं टेबल पुसून दिलं, पंख्याचं तोंड तिच्याकडं वळवलं आणि स्वतः पेंडीच्या पोत्यावर बसला. त्या दिवशी त्याच्या बोलण्यातलं 'ताई' कुठं गळालं, कुणास ठाऊक. त्या जागी काय ठेवावं हे मात्र त्याला सुचत नव्हतं. म्हणून तो प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबायचा... आणि त्या थांबण्यात सत्यभामाला आपलं नाव ऐकू यायचं.

मग रविवारच झाले. ती टाइप करायची, तो मधूनच डोकावायचा.

"दावा की."

"पूर्ण झाल्यावर."

"अर्धं दावा."

"अर्ध्यात काय बघायचं असतं?"

"का? अर्धा चंद्र बघत्यातच की लोक."

ती कीबोर्डकडं बघत राहिली, आणि त्या ओळीत तिच्याकडून अशी चूक झाली की ती शोधण्यात पुढचा अख्खा दिवस गेला.

शेवटी एकदाचं सगळं झालं. रंगीत पडदा, प्रत्येक घराचं नाव, घरागणिक जनावरं, घरागणिक चारा. एवढंच काय, प्रत्येक बैलाची जन्मतारीख टाकायला चौकोनही. गहिनीनाथनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं. जन्मतारखेशी त्यानं ओठ चावला, पण हसला नाही.

"लई झकास झालंय," तो म्हणाला. "पण... आमी घरागणिक वाटतच न्हाई. दावणीनं वाटतो. एका दावणीला चार घरची जनावरं, आन् एकच माणूस समद्यांचा चारा न्हेतो."

"हे आधी का सांगितलं नाही?"

"तुमी दावलं कधी?"

सत्यभामाचे डोळे भरून आले. दोन महिन्यांचं काम तिच्यासमोर निकामी पडलं होतं. एकदा, अगदी पहिल्या आठवड्यात, नुसता कोरा पडदा जरी दाखवला असता तरी हे टळलं असतं.

"रडू नका," तो हळूच म्हणाला. "म्हसरं बघायलीत."

ती रडता रडता हसली. मावशीनं चहा आणला, आणि त्याच दुपारी दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती दर रविवारी झालं असेल तेवढं दाखवायला लागली. निदान प्रोजेक्टच्या बाबतीत तिला शहाणपण आलं होतं.

छावणी भरली तशी बाहेरगावचे अर्ज वाढले. त्यांच्यासाठी तिनं दोन शब्द घातले... मंजूर आणि नामंजूर. गहिनीनाथनं दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काढा. नामंजूर म्हणलं की माणूस उन्हात बसकण मारतो."

"मग काय लिहू?"

"कळवू."

"म्हणजे नंतर कळवायचं?"

"न्हाई वो. कळवू मंजी न्हाईच. आमचे चेरमन आजवर कुणाला न्हाई म्हणले न्हाईत, कळवू म्हणतेत. माणूस समजून जातो, आन् दोगांचीबी इज्जत ऱ्हाती. सोयरिकीत बी तेच. आमच्या बंकटदादाला इतक्या घरांनी कळवू म्हणलंय, की आता चहा आला की तोच इचारतो, कळवू म्हणायचंय का, मंजी उठतो."

सत्यभामा पोट धरून हसली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो शब्द टाइप केला.

उन्हाळा चढला. तोंडी परीक्षा जवळ आली, आणि परीक्षेआधीचा शेवटचा रविवार उजाडला. ती निघाली तेव्हा गहिनीनाथ तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आला. एरवी बडबड्या माणूस, पण त्या दिवशी रस्त्याकडेच्या बाभळीपर्यंत गप्पच होता.

"घरी माझ्यासाठी पोरी बघायलेत," तो एकदम म्हणाला. "मी आईला म्हणलं, थांब... आदी एका ठिकाणी इचारतो. तुमच्या घरी काय म्हणतील ते मागून बघू. पण तुमी... तुमी सांगा. मी घरी काय सांगू?"

सत्यभामाला हो म्हणायचं होतं. हो, हो, किती वेळा हो. पण तोंडी परीक्षा होऊ दे, घरी अण्णांच्या कानावर घालू दे, मग नीट, पुरतं, एकदाच सांगू, असं तिच्या मनात आलं. भाजी अजून चुलीवर होती ना. समोरून बस येत होती.

"कळवते," ती म्हणाली, आणि लाजून बसमध्ये चढली.

खिडकीतून तिनं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. लाजलाय, असं तिला वाटलं.

नंतर त्याचा फोन आला नाही. शहाणा आहे, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून करत नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि वर त्याबद्दल तो आणखीच आवडला.

तोंडी परीक्षा छान चालली होती. बाहेरून आलेले परीक्षक खूश दिसत होते. सत्यभामानं स्वतः केलेलं काम तिला समजलेलं होतं, आणि ही गोष्ट त्यांना त्या दिवसात पहिल्यांदाच भेटत होती. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे 'कळवू' काय आहे? अर्ज विचाराधीन?"

"नाही सर," ती हसून म्हणाली. "आमच्याकडं कळवू म्हणजे नकार. तोंडावर नाही म्हणत नाहीत. समोरचा माणूस समजून..."

पुढचा शब्द बाहेर आलाच नाही. बाभळीखालची ती खाली घातलेली मान तिच्या डोळ्यांसमोर आली. परीक्षकांनी पाण्याचा पेला पुढं केला. "घाबरू नका, उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त शेवटचं प्रकरण, अनुभव आणि सूचना, तुम्ही दोन ओळींत उरकलंय. ते नीट लिहा आणि मगच बाइंडिंग करा."

फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. ती तशीच, परीक्षेच्या साडीतच, स्टँडवर गेली आणि तेलगावची बस धरली.

गहिनीनाथ दावणीशी उभा राहून चारा उतरवून घेत होता. तिला पाहून त्यानं हात झटकले. "या. कशी गेली परीक्षा?"

"मी कळवते म्हणाले होते..."

"व्हय. समजलं मला. राग न्हाई माझ्या मनात."

"काय समजलं?"

"काय समजायचं असतं त्यात? आईनं इचारलं, काय म्हणली पोरगी. कळवते म्हणली, म्हणलं. आई म्हणली, मग दुसरीकडं बघू."

"मी खरंच कळवणार होते हो," ती म्हणाली. "परीक्षा झाली की, अण्णांना विचारलं की... मला नीट सांगायचं होतं. सगळं पूर्ण करून."

गमछ्यानं तोंड पुसत तो म्हणाला, "परवा सुपारी फुटली माझी. धारूरकडची हाय. साधी हाय पोरगी. समद्यांच्या देखत इचारलं, तर तिथंच, लाजत लाजत, हो म्हणली." आणि थोड्या वेळानं, "तिला मी आता काय म्हणू?"

"काही म्हणू नका." सत्यभामानं डोळे पुसले. त्या न पाहिलेल्या मुलीचा तिला हेवा वाटला. एक साधा शब्द तिला वेळेवर सुचला होता. "तिला काही म्हणायचं नाही. पण मला एक सांगू द्या, नाहीतर ते जन्मभर माझ्याजवळ राहील. तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून नाही, त्या दिवशी राग आला होता. त्या अर्ध्या चंद्रापासून."

गहिनीनाथ हसला. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं लपवलं नाही.

"तुमी त्या दिशी ह्यातलं अर्धं जरी बोलला असता," तो म्हणाला, "तर उरलेल्या अर्ध्याची मी वरीसभर वाट बघितली असती."

मावशीनं हाक मारली, दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. तो रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही, आणि तिनंही चला म्हटलं नाही.

दोन दिवसांनी तिनं ते शेवटचं प्रकरण लिहिलं. अर्धं झालं की दाखवा, लाज वाटली तरी दाखवा. चुका दिसाव्यात म्हणूनच तर दाखवायचं असतं. ज्यांच्यासाठी करताय त्यांच्यात जाऊन बसा. आपण वापरतो त्या शब्दाचा त्या गावात काय अर्थ होतो, ते आधी विचारून घ्या. काम एकट्यानं करा, पण सगळं एकट्यानं मनात ठरवून बसू नका. आणि कुणी सरळ विचारलं तर त्याच जागी, त्याच वेळी, सरळ उत्तर द्या.

बद्रीनाथ सरांनी वाचलं. "शेवटचं वाक्य प्रोजेक्टचं वाटत नाही," ते म्हणाले.

"राहू द्या, सर."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सही केली.

आपल्या कॉलेजातल्या पोरांचं तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या वर्षी अर्ध्या वर्गानं ते प्रकरण जसंच्या तसं उतरवून काढलं. एका दाढीवाल्या गड्यानं तर 'मी विद्यार्थिनी म्हणून शिकले' हेसुद्धा बदललं नव्हतं. सत्यभामा पदवीचं प्रमाणपत्र न्यायला आली, तेव्हा सरांनी तिला तो गठ्ठा दाखवला. ती खूप हसली. मग एक रिपोर्ट उघडून, आपलंच ते शेवटचं वाक्य दुसऱ्याच्या नावाखाली तिनं परत परत वाचलं, आणि तिचं हसू थांबलं. एवढ्या सगळ्यांना सांगून झालं होतं. ज्याला सांगायचं होतं, त्याला फक्त वेळेवर सांगायचं राहिलं.

स्टँडवर तेलगावची बस लागली होती. ती सुटेपर्यंत सत्यभामा फलाटावर उभी राहिली, आणि मग घाटनांदूरच्या बसकडं वळली.