बदलायचा खांदा

शमशादबी गेल्या त्या दुपारी मी नागनाथच्या यंत्रमागाच्या कारखान्यात एक साधा निरोप घेऊन गेले होते. माग बंद कर, मयत निघतेय, एवढाच. खरं तर निरोपाची गरजच नसायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या बोळात तेलुगू विणकर, कानडी वाणी, मुसलमान आणि आम्ही मास्तर मंडळी भिंतीला भिंत लावून राहतो. कुणाचीही मयत निघो, ती ज्या दारावरून जाते तिथले माग थांबतात. पुढे गेली की पुन्हा सुरू. जात आजवर कुणी विचारली नव्हती.

नागनाथनं विचारली.

"आपल्या माणसांसाठी थांबवतो की, टीचर. त्यांच्यासाठी न्हाय. आता दिवस बदललेत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. याच कारखान्यात शमशादबींनी जन्मभर कांड्या भरल्या, मागाला लागणारं सूत गुंडाळून दिलं. आई मागावर असली की हा नागनाथ त्यांच्याच मांडीवर झोपायचा. त्यांनी त्याच्याकडे एकच मागणं मागितलं होतं. "मेरे बखत भी बंद करना, बेटा."

जनाजा निघाला. बाकी सगळे माग थांबले, नागनाथचे मुद्दाम धडधडत राहिले. त्या आवाजात जनाजाबरोबर म्हणतात तो कलमासुद्धा ऐकू येईना. बोळातल्या एकानंही त्याला जाब विचारला नाही, याची मला अजून चीड येते.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, बोळाच्या तोंडचे माग थांबले. कुणी थांबवले नव्हते. वीज होती, पंखे फिरत होते. मग पुढच्या घरातले थांबले आणि आधीचे सुरू झाले. शांतता माणसांच्या चालीनं सरकत होती… सोबत लोबानचा वास. गुरुबसप्पा वाणी सवयीनं दुकानात उठून उभे राहिले. पण आज कुणीच गेलं नव्हतं.

नागनाथच्या दाराशी शांतता थांबली. पुढे सरकेचना.

मी धावत गेले. तो उंबऱ्यात उभा होता, उजवा खांदा खाली दबलेला, मान वाकडी. खांद्यावर काही दिसत नव्हतं. सदऱ्याचं कापड मात्र तिथं घट्ट दाबलं गेलं होतं.

"टीचर… लई जड हाय. खांदा बदलायला कुणाला तरी सांगा की…"

दाराशी जमलेल्यांपैकी कुणी हललं नाही. शेवटी शमशादबींचा मुलगा मकबूल गर्दीतून पुढे आला. त्यानं आपला खांदा नागनाथच्या खांद्याला लावला. नागनाथ हळूच बाजूला सरला आणि शांतता पुढच्या दाराकडे सरकली.

नागनाथचा खांदा मात्र पुन्हा कधी वर आला नाही.