उचकी लागलेली अक्षरं

टिचकीने ब्रेक असा करकचून दाबला, की सायकलच्या मागच्या सीटवरच्या शेपटाचं नाक तिच्या पाठीवर आपटलं. धाकटा भाऊ तिचा पिच्छा कधी सोडायचा नाही, म्हणून हे नाव.

"ती पाटी बघ," टिचकी म्हणाली.

"आधी माझं नाक बघ."

बेकरीवर नवी पाटी झळकत होती, 'गरमागरम पाव'. अक्षरं गोलमटोल, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेघेला झोके घेणारी. 'ग' पाय ताणून बसलेला, 'प' पोट पुढे काढून उभा.

"ही तर मावशीची अक्षरं."

मागून त्यांचा मावसभाऊ ढोल्या धापा टाकत आला. "आईने ही पाटी केलेली नाही. केली असती तर ब्रश मीच धुतले असते."

पाववाले काका बाहेर आले. "छापखान्यातून आणली रे. त्यांच्याकडे नवा फॉन्ट आलाय. अर्ध्या बाजारात हीच अक्षरं लागणार आता."

तिघं सुसाट घरी निघाली.

मावशी पाट्या रंगवायची. खिडकीजवळ सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं, तेच तिचं टेबल. आज ती हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. समोर बालवाचनालयाचं पत्र होतं. तिथल्या मोठ्या पाटीसाठी तिने नमुना दिला होता. ढोल्याने पत्र मोठ्याने वाचलं: 'ही अक्षरं छापखान्याची आहेत असं कळलं. नक्कल केलेलं काम आम्ही घेत नाही. उद्या चार वाजता छापखान्याशी करार होईल.'

"नक्कल? तू?" टिचकीचे कान लाल झाले.

"वर्ष झालं," मावशी म्हणाली. "सगळी मुळाक्षरं काढून प्रतींसाठी छापखान्यात दिली होती. गठ्ठा हरवला म्हणाले. मी गप्प बसले. नाव तरी कुठे घातलं होतं मी?"

"जाऊन भांड की मग."

"कशाच्या बळावर? अक्षर देवाघरचं, ते कुणाच्या का हातून पोरांना हसवेना." एवढं बोलून मावशीने तोंड खिडकीकडे वळवलं. नक्कल हा शब्द तिला बोचला होता, हे शेपटालाही कळलं.

टिचकीच्या डोळ्यांपुढून बेकरीची पाटी हलत नव्हती. वरची रेघ प्रत्येक अक्षराच्या उजव्या टोकाशी जराशी उडी मारत होती, उचकी लागल्यासारखी. का बरं? ती दारावरून बोटं फिरवत गेली आणि एकदम थबकली. एका खिळ्याचं डोकं तांदळाच्या दाण्याएवढं वर आलं होतं.

"मावशी, तू कागद कुठे ठेवतेस गं?"

"नेहमी त्या दोन खुणांना टेकवून. एका कागदावर एकच अक्षर. का?"

"उद्या सांगते. तुझं टेबल तेवढं उसनं दे."

दुसऱ्या दिवशी पाववाल्यांच्या हातगाडीवर दार चढलं. ढोल्या ओढतोय, टिचकी ढकलतेय, शेपूट वर बसून रस्ता मोकळा करतोय. कुणीतरी विचारलं, "घर कुठे राहिलं रे?"

"मागून येतंय," शेपूट गंभीरपणे म्हणाला.

मावशी पदर सावरत मागून चालली होती. वाचनालयात ग्रंथपालबाईंनी पेन उघडलंच होतं. समोर छापखानेवाले ऐसपैस बसलेले, शेजारी कागदांवर छापलेली मोठाली अक्षरं.

"एकच प्रश्न, काका," टिचकी म्हणाली. "प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ही उचकी कशी?"

"ती माझ्या हाताची लकब आहे, बेटा. मुद्दाम काढतो मी."

"मग इथे एक काढून दाखवा ना." तिने बाईंच्या टेबलावर कोरा कागद सरकवला. काकांनी ब्रशने 'ग' काढला. रेघ सरळसोट गेली. ते जरा घामेजले.

मग टिचकीने दुसरा कागद दारावरच्या खुणांना टेकवला आणि ब्रश शेपटाच्या हातात दिला. "काढ काहीतरी."

शेपटाने जीभ बाहेर काढून एक वाकडातिकडा 'ग' काढला. वरची रेघ टोकाशी पोचली आणि टुणकन उडाली. ढोल्याने छापील अक्षर त्यावर धरलं. उचकीवर उचकी बरोब्बर बसली.

"लकब हाताची नाही, दाराची आहे," टिचकी म्हणाली. "आणि दार मावशीचं."

बाई उठल्या, वाकल्या, खिळ्यावरून बोट फिरवलं आणि पेन बंद केलं. छापखानेवाल्यांची मान खाली गेली. "गठ्ठा सापडला तेव्हा नाव नव्हतं. शोध घ्यायला हवा होता, त्याचा कंटाळा केला. वर खोटंही बोललो. ताई, माफ करा. सगळ्या पाट्यांवर तुमचं नाव घालतो."

"आधी पोरांना पाणी तरी विचारा," मावशी म्हणाली. तिचा आवाज मात्र ओला झाला होता.

मावशीने सोबत आणलेलं पत्र फाडून बाईंनी तिच्या नावे नवं लिहिलं, आणि खाली स्वतःच्या हाताने जोडलं: 'आम्ही मोठ्यांनी नुसतं वाचलं. या मुलांनी पाहिलं.'

आठवड्याने सुतार आला. "ताई, तो खिळा ठोकून देऊ?"

"हात लावू नका त्याला," चौघं एका सुरात म्हणाली.

मग मावशीने पाटीसाठीचं शेवटचं अक्षर खुणांना टेकवलं आणि वरची रेघ ओढायला ब्रश टिचकीच्या हातात दिला. टिचकीने श्वास रोखला. ब्रश सरळ सरळ गेला, टोकाशी आला आणि टुणकन उडाला.

"कुणीतरी आठवण काढतंय," शेपूट म्हणाला.