लंडन किती लांब

लवू पहिल्यांदा आला तो चुकून. जायचं होतं शेजारच्या बागेत, शिरला मालनच्या मांडवात. पेंढ्यात बसून ती आंब्याच्या पेट्या भरत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "कुठं न्यायचेत?"

पावस गावात आंबा देणारा आधी हेच विचारतो. वाटेत जितका जास्त वेळ जाणार, तितका कच्चा आंबा निवडायचा.

"मला खरं तर... शेजारी जायचं होतं," तो म्हणाला, आणि डझनभर घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा आला. मग पुन्हा. चौऱ्याऐंशीच्या त्या एप्रिलात त्याच्या घरच्यांना आंबे नकोसे झाले असतील, असं मनाशी म्हणत मालन हसू दाबायची.

आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"एक पेटी हवी. लंडनला."

तिचे हात थांबले. "कोण चाललंय?"

"मी. तिथून सुटणाऱ्या बोटीवर नोकरी लागली, पहिलीच. परवा निघायचं. दहा महिने..." मग घाईघाईनं, "पण लांब नाही हं! विमान मुंबईहून सकाळी सहाला सुटतं, साडेअकराला लंडन. साडेपाच तास! तेवढ्यात आपली एसटी पनवेलसुद्धा गाठत नाही."

मालनचे वडील जन्मभर आगबोटीवर होते. तिनं डोळे बारीक केले. "साडेअकरा – कुणाच्या घड्याळात?"

"म्हणजे?"

"तिथं साडेअकरा वाजतात तेव्हा इथं चार वाजलेले असतात. दहा तास झाले की हो! आंबा काही तिथलं घड्याळ बघून पिकणार नाही."

लवू बोटांवर तास मोजू लागला. मालनचं लक्ष मात्र मांडवाबाहेर, समुद्राकडे कललेल्या उन्हाकडे गेलं होतं.

"म्हणजे परवाचा तुमचा दिवस आमच्यापेक्षा साडेचार तास मोठा," ती हळूच म्हणाली. "इथं दिवे लागतील, तरी तुमच्या डोक्यावर ऊन... सात हजार किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात! बाबांना तीन आठवडे लागायचे."

तिच्या अंगावर शहारा आला. तो मात्र खाली मान घालून पेंढ्याची काडी मोडत होता.

"काय झालं?"

"काही नाही. साडेपाच तास धरूनच धीर केला होता मी. एक विचारणार होतो... आता अंतर दुप्पट झालं. इतक्या लांबच्या माणसासाठी थांब, असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

मालननं जीभ चावली. हिशेब सांगायची एवढी काय घाई होती मला! तिनं हातातला आंबा उगाच फिरवला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"आई बाबांसाठी थांबायचीच," ती म्हणाली. "दोन-दोन वर्षं."

"मग... विचारू?"

"विचारा. पण दहा तास धरून विचारा."

त्यानं विचारलं. इतक्या हळू, की तिच्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नसतं.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

"मालन!"

"खरंच..."

तो पुन्हा म्हणाला, या वेळी चांगलंच मोठ्यानं. अंगणातून बाबांचा आवाज आला, "कोण आलंय गो?"

लवू उठून उभा राहिला, वाट शोधू लागला. मालननं त्याची बाही धरली.

"आत या, बाबा," ती म्हणाली. "मी हो म्हटलंय. आता यांना तुम्हाला विचारायचंय."