दारफाळणीच्या आदल्या सांजेला

"मावशी, उद्या दार लावून तुम्ही आत नक्की काय करता?"

हे विचारायची वेदिकाची छाती होणार नाही, अशी ऋतिका आणि हेतल या मैत्रिणींनी पैज लावली होती. अख्ख्या मांडवी गावातल्या पोरांना एवढंच ठाऊक होतं, की वर्षातून एक दिवस हन्नामावशी नवगावकर पांढरं लुगडं नेसतात, दारं-खिडक्या लावून घेतात आणि दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; गल्लीतलं त्यांचं हे एकच घर. त्यांच्या या सणाला दारफाळणी म्हणतात. मावशींचे हंडे भरता भरता वेदिकाने विचारून टाकलं, आणि कुंपणापलीकडे दोघी तोंड दाबून हसल्या.

मावशी रागावल्या नाहीत. "माफी मागते गो, वर्षभराची. आणि योनाची गोष्ट वाचते. बस, बोटीतलीच आहे."

वेदिका उंबऱ्यावर टेकली. नाहीतरी तिला घरी जायचंच नव्हतं...

घरी पडवीत बाबा बसलेले असणार. ती चौथीत असताना बाबा, म्हणजे दत्ताराम, मुंबईला गेले आणि तिथेच दुसऱ्या बाईबरोबर राहिले. यंदा चाकरमान्यांबरोबर गणपतीला आले. गणपती गेले, चाकरमानी गेले, हे मात्र पडवीतच उरले. दाढी वाढलेली, सोमवार-शनिवार उपास, मुलगी समोर आली की डोळ्यांत पाणी. आई पान वाढून पडवीत नेऊन ठेवायची आणि आत येऊन भिंतीला पाठ टेकायची. "वेदू, माझ्यात आता भांडायची ताकद नाय," ती म्हणाली होती. "तू हो म्हणालीस तर आत, नाय तर एसटीत." किती शिणलेला होता तो आवाज... आणि कोळंबी सोलून, बर्फ वाहून, कबड्डीचा संघ मुकाट्याने सोडून देऊन आधीच दमलेल्या वेदिकाच्या कोवळ्या जिवावर हाही निवाडा येऊन पडला होता.

मावशी सांगत होत्या. देवाने योनाला सांगितलं, निनवे शहरात जा, पापाबद्दल बजाव. तो उलट्या दिशेच्या गलबतात चढला. वादळ झालं, खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं, मोठ्या माशाने गिळलं.

"कुठला मासा? मोरी मासा असता तर सोडला नसता."

"गप गो. माशाने ओकून टाकला, तेव्हा कुठे हा निनवेला गेला आणि लोकांना बजावलं. ते ऐकून तिथला राजा गोणपाट पांघरून राखेत बसला. गुराढोरांनासुद्धा गोणपाट पांघरलं. मग देवाने शहराला माफ केलं."

"गोणपाट बघून?" वेदिकाच्या डोळ्यांपुढे ती वाढलेली दाढी आली.

"नाही. शास्त्रात लिहिलंय, देवाने त्यांची करणी बघितली. वाईट वाट सोडून ती माणसं मागे फिरली, ते बघितलं. गोणपाटाचं तिथे नाव नाही."

"आणि योना?"

"रुसला. म्हणाला, तू दयाळू आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच मी पळालो होतो."

"बरोबरच होतं की त्याचं," वेदिका म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तो शहराबाहेर जाऊन बसला. एका रोपाने त्याला सावली दिली. दुसऱ्या दिवशी कीड लागून ते वाळलं, तर हा मरण मागू लागला. देव म्हणाला, जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, त्या रोपासाठी तुझा जीव तुटतो, मग एवढ्या माणसांसाठी माझा तुटू नये?"

"मग काय म्हणाला तो?"

"लिहिलेलंच नाही. गोष्ट तिथेच संपते."

कुंपणापलीकडे आता कुणी हसत नव्हतं.

वेदिका घरी आली तेव्हा आई चुलीशी मान चोळत बसली होती. माशांची पाटी वाहून वाहून ती मान एका बाजूला वळेनाशी झाली होती. पडवीतून बाबा उठले. "पोरी, मी पापी माणूस..." त्यांचे डोळे वाहू लागले.

"रडू नका," वेदिका म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आई, बाहेर ये. मी ठरवलंय. बाबा, तुम्ही आत या. पण मी माफ केलेलं नाही, ते होईल तेव्हा होईल. उद्या पहाटे जेटीवर आई जाणार नाही. पाटी तुम्ही घ्यायची, डोक्यावर, आणि दारोदार ओरडत मासे विकायचे."

दत्ताराम खुळ्यासारखे बघत राहिले. "पाटी बायकांची असते गो. अख्खी मांडवी हसेल."

"हसू दे. तुम्ही गेल्यावर आईला हसलेच की."

दत्तारामांनी मान खाली घातली. "आणि भावताव करता येत नाय मला," ते पुटपुटले. "घासाघीस करणाऱ्या बायकांशी काय बोलू?"

"शिकवीन," आई म्हणाली. इतक्या वर्षांत नवऱ्याशी ती पहिल्यांदाच बोलली होती. खुंटीवरची, पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडी चुंबळ काढून तिने त्यांच्या हातात दिली, आणि मग पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ मूक रडत राहिली... चुंबळ छातीशी धरून दत्तारामांनी उंबरा ओलांडला.

वेदिकाने बाबांचं पान उचलून आईच्या पानाशेजारी मांडलं.

"अजून एक," ती म्हणाली. "संध्याकाळची कोळंबी तुम्ही दोघांनी सोलायची. मी उद्यापासून कबड्डीला जाणार आहे."