दोन वाजून चार मिनिटांनी सातवं नाव

अनिता माझी सख्खी मामेबहीण. तिच्यासोबत घडलं ते खरं आहे. शपथ घालाल तर घेईन, पण हसायचंच असेल तर इथेच थांबा.

गेल्या मार्गशीर्षातला मंगळवार. भर दुपार.

शहापुरात इंटरनेट केबलवाल्यांचं एक ऑफिस आहे. तिथे अनिता एकटीच बसली होती.

तिचा नवरा जैतू इथलाच वायरमन. वर्षापूर्वी म्हसा गावाच्या वाटेवर खांबावर शॉक लागून गेला.

केबल विजेच्याच खांबांवरून जाते, म्हणून काम असलं की वीज बंद ठेवतात. वीज चालू होतेय, खाली उतरा, ही सूचना ऑफिसातून वायरमनच्या हँडसेटवर जाते. "मी सांगितलं, पण त्यानं ऐकलं नाय," असं रितेश म्हणाला. रितेश त्याचा जिगरी दोस्त, त्या दिवशी माईकवर होता. मग गावाने जैतूलाच बोल लावला. पोराला शाळेत ऐकवलं, तुझा बाप बेफिकिरीने मेला. अनिताने सगळं गिळलं. रितेशनेच तिला इथे नोकरीला लावलं. तिने त्याला राखी बांधली.

काम सोपं. दर दोन मिनिटांनी मशीन विचारतं, कोण ऐकतंय? जो हँडसेट 'आहे' म्हणतो, त्याचं नाव यादीत राहतं. सूचना फक्त यादीतल्यांनाच जाते. आणि ऑफिसातून काढलेलं नाव, ऑफिसातून घातल्याशिवाय परत येत नाही.

त्या दुपारी यादीत सहा नावं होती.

दोन वाजून चार मिनिटांनी... सात झाली.

सातवं नाव जैतू.

अनिताने कपाट उघडलं. त्याचा जळका हँडसेट पिशवीत तसाच होता. बॅटरीसुद्धा नव्हती.

तिने नाव काढलं.

मशीनने पुन्हा विचारलं...

जैतू, आहे.

पुन्हा काढलं. पुन्हा आलं.

आपलंच काही चुकतंय का, म्हणून तिने नोंदी उघडल्या. कोणी कधी नाव काढलं, ते तिथे दिसतं. तिच्या दोन नोंदींच्या आधी जैतूच्या नावाची एकच नोंद होती. तो गेला त्याच दिवशीची. दुपारी दोन वाजून चार. काढणारा, रितेश.

जैतू गेला दोन वाजून दहाला.

सूचना त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

रितेश जेवून आला. तिने स्क्रीन दाखवली.

"दादा, हे काय हाय?"

तो मटकन खाली बसला. "सकाळी आमचं वाजलं व्हतं, ताई. चारचौघांत मला कामचोर बोलला. रागात नाव काढलं. बसू दे बोंबलत, म्हटलं. मग डोक्यातनंच गेलं..."

"आन् वरीसभर गप ऱ्हायलास? माझ्याकडनं राखी बांधून घेतलीस?"



केसाने गळा कापला मेल्याने. परका असता तर एवढं लागलं नसतं.

पुढे त्याने गावासमोर कबूल केलं. जैतूवरचा बोल गेला. आम्हाला वाटलं, आता जैतू सुटला.

पण रात्री मशीन बंद केलं, तरी त्याचं नाव रोज परत येतं. त्याच वेळेला.

संध्याकाळी कामं आटोपली की वायरमन हँडसेटचं बटण दाबतात. 'निघालो' असं येतं आणि नाव आपोआप जातं. एकेक करून सहाही जातात. सातवं राहतं.

मग अनिता माईकजवळ वाकते.

"अवो... वीज चालू व्हतेय. खाली उतरा."

मी हे एकदा पाहिलंय. परत त्या ऑफिसात पाय ठेवला नाही.

ती रोज सांगते. त्याचं 'निघालो' अजून आलेलं नाही.